खाली मुलं आहेत

शांतवन सर कुणाच्याही घरात शिरले की आधी उजवा हात वर करायचे. तळवा छताकडे, बोटं पसरलेली, डोळे अर्धवट मिटलेले. पाणी नंतर, खुर्ची नंतर, 'काय चाललंय' तेही नंतर. आधी छत किती तापलंय हे तळव्याला कळायला हवं.

सर ख्रिस्ती, वय झालेलं, त्यात पांढरी दाढी. त्यामुळे श्रीरामपुरात रेल्वेलाइनच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची जी वस्ती आहे, तिथल्या बायकांची पक्की समजूत होती की सर घरासाठी प्रार्थना करतात. सर हात वर करून उभे राहिले की त्या डोक्यावर पदर घ्यायच्या. एकदा एका आजीनं तापानं फणफणलेला नातू ओढत आणून थेट त्यांच्या हाताखाली उभा केला. सर गडबडले. हात खाली घेतला तर म्हातारीला काय वाटेल, आणि वर ठेवला तर ते खोटं. त्यांनी हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "आजी, पोराला आत्ता दवाखान्यात न्या. आणि डोक्यावरच्या या पत्र्यासाठी मी रविवारी येतो."

"रविवारी तुमचं चर्च असतंय ना?"

"चर्च झाल्यावर येतो."

"पत्र्यासाठी बी प्रार्थना असती व्हय?"

"असते. तिला ब्रश लागतो."

आणि रविवारी ते खरंच आले. खांद्याला शिडी, हातात पांढऱ्या रंगाचा डबा, डोळ्यांवर काळा गॉगल.

मी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि मोर्चांची पत्रकं बहुतेक वेळा फुकट निघायची. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. अन्याय दिसला की तो लिहायचा, छापायचा आणि चौकात उभं राहून वाटायचा, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. अन्याय दिसल्यावर माणूस शिडी आणतो, हे मला शांतवन सरांच्या आधी कुणी दाखवलं नव्हतं. आणि ते मला पटलंही नव्हतं.

शाळेत ते चित्रकला शिकवायचे. 'माझे घर' हा विषय दिला की आमच्या वर्गातली सगळी पोरं एकच चित्र काढायची: दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि उतरत्या लाल कौलांचं घर. सर बाकांमधून फिरत यायचे आणि एकेकाला विचारायचे, "हे कुणाचं घर?"

"आमचं, सर."

"तुमच्या घराला कौलं आहेत?"

"नाही सर, पत्रा आहे."

"मग ही कौलं कुणाच्या घरावरून आणलीस? चोरी झाली ना ही."

वर्ग हसायचा. मग ते आम्हाला घरी पाठवायचे. छतावर काय काय आहे ते बघून या आणि तेच काढा, एवढाच गृहपाठ. आम्ही बघितलं. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले दगड. फाटका टायर. मोडकी खाट. दांड्यासकट निखळलेली सायकलची सीट. टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप. घर म्हणजे दार आणि खिडकी अशी आमची कल्पना होती. घराला डोकंही असतं आणि ते दिवसभर उन्हात उभं असतं, हे त्या चित्रांमुळे कळलं. सरांनी माझ्या चित्राखाली शेरा लिहिला होता, 'दगड छान. पण त्यांची सावली कुठे?'

त्यांचं स्वतःचं बालपण गोदाकाठच्या एका खेड्यात माळवदाच्या घरात गेलं. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. उन्हाळा संपत आला की त्यांची आई जुन्या गावठाणातली पांढरी माती घमेल्यानं वर नेऊन पसरायची, धुम्मसानं ठोकायची. ती माती पाणी आत येऊ देत नाही आणि ऊनही फारसं आत सोडत नाही. बाईमाणसानं छतावर चढू नये असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना ती म्हणायची, "मग तुम्ही चढा." कुणी चढायचं नाही. हे सांगताना सर नेहमी हसायचे आणि पुढचं काही सांगायचे नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. पहिल्याच मे महिन्यात स्लॅब असा तापला की मनोरमाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, शिवणयंत्र उचलून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसल्या. सरांना आई आठवली. त्यांनी गावाकडून ट्रॅक्टरभर पांढरी माती आणवली आणि स्लॅबवर टिचभर जाडीचा थर दिला. उन्हाळा मजेत गेला. सर रस्त्यावरच्या माणसालाही आत बोलवायचे, "या, हात वर करून बघा." लोक बघायचे, मान डोलवायचे, चहा पिऊन जायचे.

मग पाऊस आला. माळवदाला उतार असतो, पन्हाळी असतात, वर्षानुवर्षं ठोकून बसलेले थर असतात. स्लॅबला चारी बाजूंनी कठडा. माती फुगली, पाणी जायची भोकं बुजली, आणि एका रात्रीत छत ठिबकायला लागलं ते नेमकं शिवणयंत्रावर. यंत्रावर एका नवरीचा ब्लाउज होता. वर तरोट्याचं तण उगवलं, गुडघाभर. मनोरमाबाई खालून म्हणाल्या, "तरोटा कशाला, मेथी तरी लावायची होती. ती विकून ब्लाउजची भरपाई निघाली असती."

सरांनी सगळी माती फावड्यानं खाली ओढली. त्यांना चूक लपवायची सवय नव्हती; उलट ती ते कुणी न विचारताच सांगायचे. म्हणायचे, "आईचं घर मातीचं होतं, म्हणून वर माती. मी सिमेंटच्या डोक्यावर आईचा पदर टाकायला गेलो."

त्यानंतर मात्र त्यांना छतांचं वेडच लागलं. स्लॅबच्या भेगा आधी भरून घ्यायच्या, मग गाळलेला कळीचा चुना आणि सुतारकामाचा पांढरा डिंक एकत्र करून हात द्यायचे. पत्र्याला चुना चालत नाही, तो पापुद्र्यानं सुटतो. पत्रा आधी तारेच्या ब्रशनं घासायचा, गंज काढायचा, लाल प्रायमर मारायचा आणि त्यावर उन्हाला परत पाठवणारा पांढरा रंग, दोन हात. रंगाच्या दुकानाचा मालक त्यांचा जुना विद्यार्थी होता. चेपलेले डबे तो सरांसाठी बाजूला ठेवायचा. काम पहाटे, पत्रा थंड असताना. पाय खिळ्यांच्या रांगेवरच, कारण त्याखाली आधार असतो. बायका म्हणायच्या, "सर, जरा नीळ घाला की, पांढरं खुलंल." त्यावर सर गंभीर व्हायचे. "नीळ नको. ऊन आलं तसं परत पाठवायचंय, बाई. नीळ त्यातलं थोडं ठेवून घेते."

काळा गॉगल घालून पांढऱ्या पत्र्यावर ओणवा झालेला म्हातारा बघून वस्तीतली पोरं ओरडायची, "हिरो आला." मनोरमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "घेतील तुम्हाला पिक्चरमध्ये. वरून खाली पडायच्या सीनला."

माझं त्यांच्याशी भांडण होतं ते याच कामावरून. एकदा ते शिडीवर असताना मी खालून म्हणाले, "सर, तुम्ही पत्र्याला रंग लावता तेव्हा मागणीलाही लावता."

"म्हणजे काय, संपादकीणबाई?" मला ते असंच म्हणायचे.

"म्हणजे लोकांना पक्कं घर मिळायला हवं. तुम्ही पत्रा सुसह्य केला की ते द्यायची कुणाला गरज वाटणार नाही."

सरांनी ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळू दिला. "तुझं पत्रक कधी निघतंय?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि घर?"

मी जमिनीवर पडलेला रंगाचा थेंब चपलेनं पुसायला लागले.

"पत्रक काढ. मी सही करतो. पण तोवर दुपार रोज येणार आहे."

त्या उत्तरानं माझं तेव्हा समाधान झालं नव्हतं, आजही पूर्ण होत नाही. ज्याचा हक्क घराचा आहे त्याला पांढरा रंग देऊन गप्प बसवता येतं, हे मी अनेक ठिकाणी बघितलं आहे. उन्हाची झळ सगळ्यांना सारखी बसते असं म्हणणारे बहुधा पंख्याखाली बसून म्हणत असतात. आणि पुढे जे झालं, त्यात माझी भीती खरीच ठरली.

वस्तीत अंगणवाडीची एक खोली होती. विटांच्या भिंती, वर उघडा पत्रा. मंदाताई तिथं सेविका होत्या. चैत्र लागला की दहाच्या सुमारास पत्रा तडतडायला लागायचा आणि ओळीनं बसलेली मुलं गाणं थांबवून वर बघायची. खिचडीची वेळ होईपर्यंत अर्धी मुलं मलूल झालेली. एकदा पिंकी नावाची चार वर्षांची मुलगी ताटलीवरच कलंडली. मंदाताईंनी तिला उचलून बाहेर पळत नेलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ती शुद्धीवर आली. पिंकीचे आजोबा रघूदादा बाजार समितीत हमाली करायचे. पोती वाहून पाठ वाकलेली, पण आवाज असा की लिलाव थांबावा. त्यांनी त्याच दिवशी वस्ती गोळा केली. मागणी ठरली: अंगणवाडीला स्लॅबची पक्की खोली. पत्रक मी लिहिलं. पहिली सही शांतवन सरांची होती.

सही केली त्याच आठवड्यात सरांनी अंगणवाडीचा पत्रा रंगवला.

रंगवताना कुणी अडवलं नाही. उलट रघूदादांनीच शिडी धरली. मुलं दुपारीही टिकायला लागली, खिचडी संपायला लागली, मलूल मुलांना हाका मारून मंदाताईंचा घसा बसायचा, तोही थांबला. वस्तीतल्या आणखी काही घरांनी सरांकडे रंग मागितला. रघूदादांनी मात्र स्वतःच्या घराला लावू दिला नाही. "लेकरांचं ठीक हाय. आमच्या डोक्यावर नको. आमी मागतोय ते आमाला येऊ द्या आधी."

मग मे महिन्यात तपासणीला साहेब आले. भर दुपारी आले, हे त्यांचं कौतुकच. खोलीत बसले, कपाळ पुसलं, मुलांना नावं विचारली, चहा घेतला आणि चहूकडे नजर फिरवून म्हणाले, "बरी आहे की खोली. मला वाटलं होतं, आत उभं राहवणार नाही." काही दिवसांनी मंदाताईंना कळवण्यात आलं की यंदा याहून वाईट अवस्थेतल्या खोल्या आधी घेतल्या आहेत.

संध्याकाळी अंगणवाडीपुढे माणसं जमली. सर सायकल हातात धरून उभे होते. रघूदादा त्यांच्यासमोर आले.

"सर, तुमी मानूस चांगले. त्यात वाद न्हाई. पन आमची खोली घालवली तुमी."

"मुलं दुपारी जेवतात ना आता?"

"जेवत्यात. पन किती साल? तुमचा रंग किती साल टिकंल?"

"दोन-तीन वर्षं. नंतर पुन्हा द्यावा लागतो."

"आन तुमी किती साल टिकाल?"

एकदोन जण हसले आणि लगेच थांबले. सरही हसले. "माझी गॅरंटी दुकानदार देत नाही, रघूदादा."

पण घरी जाताना ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेले. सगळं वर्ष ते त्या वस्तीत कमी आले. मनोरमाबाईंनी मला सांगितलं की ते आपल्याच गच्चीवर जाऊन बसतात आणि विचारलं तर 'काही नाही' म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब पुन्हा येणार असं कळलं. पुन्हा बैठक. रघूदादांनी सरळ सांगितलं, "पांढरा रंग खरवडून काढायचा. साहेब येऊन गेले की परत लावू. आठ दिसाचा तर प्रश्न हाय." बहुतेकांनी माना हलवल्या. पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटानंही. लढ्याला थोडी किंमत असतेच, असं आम्ही म्हणालो. मंदाताई म्हणाल्या, "पोरं मी सांभाळते. चटका मला बी बसतो. मी काय बोलू?"

सर मागे बसले होते. ते उठले. "आठ दिवस कुणाची मुलं तापवायची? नावं सांगा. नावं मिळाली की मी स्वतः खरवडतो."

कुणी बोलेना. एखाद्या सभेत शांतता पसरते तेव्हा ती कुणाच्या तरी बाजूची असते. ही सरांच्या बाजूची आहे असं वाटत असतानाच रघूदादा बोलले.

"माझी नात. पिंकीचं नाव घ्या."

हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. पोतं पाठीवर घेण्याआधी हमाल जसा खांदा पुढं करतो तसं म्हटलं होतं. ताटलीवर कलंडलेली मुलगी त्यांचीच, आणि पुढच्या सगळ्या मुलांना खोली मिळावी म्हणून तिचेच आठ दिवस ते देत होते. मी सरांकडे बघितलं.  ते पायरीवर बसले आणि बराच वेळ चपलेचा पट्टा चाळवत राहिले. दोन माणसं एकाच वेळी खरी असू शकतात, हे पत्रकात मावत नाही. मी त्या दिवसापर्यंत असं काही छापलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर छापखान्यात आले. हातात प्रायमरचा उरलेला लाल डबा होता.

"खरवडायचं नाही," ते म्हणाले. "लिहायचं. पत्र्यावर."

वस्तीला लागून रेल्वे ओलांडणारा पूल आहे. गावातून वस्तीकडे यायचं तर त्यावरूनच यावं लागतं, आणि पुलावरून वस्तीची सगळी छतं पायाखाली दिसतात. सरांचं म्हणणं एवढंच, की वरून येणाऱ्याला खाली काय आहे ते वरूनच कळू दे.

मी उत्साहानं लिहून दिलं: 'पत्र्याखाली भाजणाऱ्या आमच्या लेकरांना पक्की खोली मिळालीच पाहिजे.' सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"एवढं? अगं, लाल रंग ऊन पितो. पांढऱ्यावर काढलेलं एकेक अक्षर म्हणजे एकेक तवा. त्याच्या बरोबर खाली कुणीतरी बसलेलं असणार."

आम्ही अंगणवाडीच्या पायरीवर बसून शब्द काढायला लागलो. पत्रकाचा मजकूर कमी करायला मला कधीच जमलेलं नाही. तिथं प्रत्येक शब्द मुलांच्या डोक्यावर पडणार होता. 'मिळालीच पाहिजे' गेलं. 'पक्की खोली' गेली. रघूदादांना बोलवून घेतलं होतं, ते म्हणाले, "निषेध तरी राहू द्या. एकच तर शब्द हाय."

"वेलांटीपण तापते, रघूदादा."

"मग बारीक काढा वेलांटी."

"बारीक निषेध कुणाला दिसणार पुलावरून?"

मंदाताईंना हसू आवरेना. वर्षभरात सर आणि रघूदादा पहिल्यांदाच एकमेकांशी असं बोलत होते. शेवटी राहिलं ते एवढंच: खाली मुलं आहेत.

रघूदादांनी ते दोनदा म्हणून बघितलं. "पन यात मागनी कुठं हाय?"

"ती वाचणाऱ्यानं करायची," सर म्हणाले.

रघूदादांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. मलाही पटलेलं नव्हतं. तरी पहाटे शिडी धरायला आम्ही दोघंही होतो. सरांनी पत्र्यावर पालथं पडून अक्षरं काढली. बारीक, पण उंच, पन्हळींच्या चढउतारावर मोडू नयेत अशी. मग ते पुलावर गेले, मान तिरकी केली, आणि परत येऊन 'खा'चा काना सुधारला. लोक पुलावर थांबायला लागले. सायकली, भाजीच्या गाड्या, शाळेत निघालेली मुलं थांबायची, वाचायची, आणि मग खाली त्या छताकडे बघत राहायची. पुष्कळांनी ते छत आजवर शेकडो वेळा बघितलेलं असणार.

साहेब आले तेव्हा आत येण्याआधीच त्यांनी विचारलं, "वर ते कुणी लिहिलंय?"

"मी," सर म्हणाले.

"काय गरज होती?"

"तुम्हाला पुलावरून दिसलं ना?"

साहेब वळले. खोलीत शिरले, बसले. खोली गेल्या वर्षीसारखीच, बसवेल अशी. सर त्यांना म्हणाले, "हा गारवा रंगाचा आहे, साहेब. खोलीचा नाही. रंग उडाला की खोली काय आहे ते कळेल." साहेब म्हणाले की त्यांना जे दिसतं तेच लिहिता येतं. मंदाताईंनी चहाचं आधण ठेवायला पातेलं घेतलं. तेवढ्यात रघूदादा पुढे आले आणि हात जोडले.

"चहा आमच्याकडं घ्या, साहेब. शेजारीच हाय घर. गरिबाचा मान राखा."

असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. साहेब रघूदादांच्या घरात गेले. तोच पत्रा, तेवढीच उंची, तेवढीच भिंत. फक्त वर पांढरं नव्हतं. वर्षभर रघूदादांनी ते लावू दिलं नव्हतं. आत आम्ही पाच-सहा माणसं कशीबशी उभी होतो. कुणीही भाषण केलं नाही. कप तोंडाशी नेईपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. अर्धा चहा झाल्यावर ते म्हणाले, "अंगणवाडी अशीच होती?"

"पिंकी हितंच राहती," रघूदादा म्हणाले. "दुपारची तेवढी शाळंत गार असती. तुमी चहा घ्या ना."

बाहेर आल्यावर सरांनी रघूदादांच्या खांद्यावर हात ठेवला. रघूदादा म्हणाले, "तुमी नावं मागत हुता ना? हे घ्या, माझंच घर." सरांनी मान खाली घातली. त्या दोघांत पुढे त्याबद्दल बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

खोली मंजूर झाली. पत्रकामुळे, अक्षरांमुळे, चहामुळे, की कुठल्या तरी निधीचं वर्ष संपत आलं होतं म्हणून, हे मला माहीत नाही. आम्ही 'वस्तीच्या एकजुटीचा विजय' असं पत्रक काढलं. सरांनी ते उलटसुलट बघून फक्त एवढंच म्हटलं की शीर्षकाची अक्षरं फार जाड आहेत.

जुनी खोली पाडली तेव्हा पत्रे वस्तीतच वाटले गेले. कुणी शेळ्यांच्या गोठ्यावर टाकले, कुणी न्हाणीला आडोसा केला. अजूनही त्या बोळातून गेलं तर एका दारात 'मु' दिसतो, पुढच्या वळणावर उलटा लावलेला 'त'.

नव्या खोलीत मुलं बसणार त्या दिवशी सर आले. तोवर त्यांचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू होता. लेक त्यांना नगरला, सावेडीतल्या आपल्या फ्लॅटवर नेणार होती. मनोरमाबाईंची बांधाबांध झालेली होती. रिक्षा थांबवून ठेवली होती. हार झाले, नारळ झाला, पेढे झाले. सरांना दोन शब्द बोला म्हटलं तर ते ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "जिना कुठंय?"

"कसला जिना?"

"वर जायला."

"नकाशात नाही, सर. एवढ्या खोलीला जिना नसतो. वर जायचंय कशाला?"

सरांनी त्याला काही समजावलं नाही. स्लॅबही तापतो, पत्र्यापेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यालाही भेगा जातात, त्यालाही दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हात द्यावा लागतो. हे सगळं ते सांगू शकले असते. ज्यांनी नकाशा काढला त्यांच्या लेखी छत एकदा टाकलं की संपलं होतं. मला संताप आला. पुढच्या पत्रकाचा विषय मला तिथंच मिळाला. सर मात्र काठी टेकत खोलीच्या मागच्या बाजूला निघाले. आम्ही त्यांच्या मागे.

मागच्या भिंतीपाशी ते थांबले. कठडा बघितला, वरून जाणारी विजेची तार बघितली, दोन पावलं डावीकडे सरकले. "इथं. तारेपासून लांब आहे."

"सर, आता बास," रघूदादा म्हणाले. "तुमी वर जायचं न्हाई."

"मी जात नाही. जागा दाखवून ठेवतो."

पलीकडून मनोरमाबाईंनी हाक मारली, रिक्षावाला खोळंबलाय म्हणून. सर "आलो" म्हणाले. भिंतीपासून अंतर नजरेनं घेतलं, रघूदादांच्या दंडाचा आधार घेतला, आणि बांधकामाच्या पाण्यानं अजून ओल्या असलेल्या मातीत चपलेच्या टाचेनं एक खड्डा केला. मग शिडीच्या रुंदीइतकं बाजूला सरकून दुसरा. काठीच्या टोकानं दोन्हींचे काठ दाबून बसवले, शिडीचे पाय घसरू नयेत म्हणून.